बोगद्यातला पोतारा

माझी बायको भागरथा उन्हाळ्यात गेली. शेवटी शेवटी तिचं बोलणं कमी झालं होतं, आणि जे बोलायची ते आताचं नसायचं, जुनं असायचं. एक दिवस मी तिला पेज पाजून राहिलो होतो, तर चमचा तोंडाशी असताना म्हणते, "तामसकर साहेब जिता असन का जी?"

मी म्हटलं, "कोणाले माहीत. असला तं लय म्हातारा असन."

"त्याच्याजवळ कोणी असन काय?"

मी चमचा पुन्हा पुढे केला. तिने भिंतीकडे तोंड केलं.

आता घरात मी एकटा आहे. चौथी शिकलो, अक्षर खराब आहे. भागरथेबद्दल लिहावं म्हणून कागद घेऊन बसलो, पण तिच्याबद्दल लिहिता येत नाही, हात थांबतो. म्हणून त्या साहेबाबद्दल लिहितो. तिने विचारलं म्हणून. त्यात ती येईलच.

आणीबाणी उठून गेली, त्याच्या पुढची वर्षं. कोंढ्याहून पुढे आमचं गाव, गावामागे टेकडी. कालवा यायचा होता आणि टेकडी आडवी होती, म्हणून तिच्या पोटातून बोगदा काढायचं ठरलं. धान कापून झालं की आमच्या भागातली माणसं रिकामीच असत. मुकादम हरबाजीने नावं घेतली. मी आणि भागरथेचा धाकटा भाऊ झिबल आत, सब्बल म्हणजे लोखंडी पहार मारायला. बाया बाहेर, निघालेला दगड फोडायला. त्यात भागरथा. बाईने बोगद्यात पाय ठेवायचा नाही, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत तर नाहीच, असं सगळे म्हणत. पहाड कोपतो म्हणे.

तामसकर साहेब सरकारी माणूस होता. नागपूरचा. त्याचं काम एकच, दगड पाहणे. सुरुंगाचा बार उडाला, धूर निघून गेला की सगळ्यांच्या आधी तो आत जायचा आणि छत पाहायचा. त्याने हात हलवल्याशिवाय आम्ही आत जायचं नाही. माणूस ठेंगणा, अंगाने वाळलेला, कमरेला हातोडी, गळ्यात दोरीने बांधलेलं होकायंत्र. मान कायम वर. बाहेर रस्त्यावरही मान वरच, म्हणून अंगठे ठेचलेले असायचे. हातोडीने दगड ठोकायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आम्ही मागे त्याला ठोक्या साहेब म्हणायचो. त्याला ते माहीत होतं.

दगडावर लोट्याने पाणी ओतायचा आणि ते कोणत्या भेगेत शिरते ते पाहायचा. भेगेत माती असली तर बोटाने काढून दातात धरायचा. करकर वाजली तर रेती, नाही वाजली तर चिकणमाती. चिकणमाती वाईट. ती ओली झाली की साबण होते आणि दगड तिच्यावरून घसरतो, असं त्याने नंतर सांगितलं. पहिल्या दिवशी आम्हाला एवढंच दिसलं की सरकारी साहेब माती खातो.

झिबल मोठ्याने म्हणाला, "साहेबाले डोहाळे लागले वाट्टे."

सगळे हसले. साहेबाने वळून पाहिलं, थुंकला, आणि म्हणाला, "लागलेत. कोणता महिना ते मात्र विचारू नको."

झिबल तसा होता. कोणालाही बोलायचा आणि कोणाला राग यायचा नाही.

साहेबाच्या तोंडून दगड चांगला आहे असं कधी निघालं नाही. मोठे इंजिनिअर यायचे, विचारायचे, "पक्का आहे ना इथला दगड?" हा म्हणायचा, "सध्या थांबला आहे." इंजिनिअर चिडायचे. हरबाजीही चिडायचा. म्हणायचा, "थांबला म्हंजे काय जी? दगड का बस होय?"

एकदा साहेबाने आम्हाला ते समजावून सांगितलं. नदीतल्या वाडीतलं टरबूज कोणी पवनीच्या बाजारातून आणलं होतं. जेवणाच्या सुटीत आम्ही झाडाखाली बसलो होतो. साहेबाने सुरी मागितली आणि टरबुजात तिरपी एक चीर मारली. "पडते काही?" आम्ही म्हटलं, नाही. त्याला आडवी दुसरी मारली. "आता?" नाही. मग तिसरी अशी मारली की दोन्हींना जाऊन भेटली. बाजारात टरबूजवाला लाल आहे की नाही ते दाखवायला काढतो तशी तिकोनी फाडी झाली. साहेबाने टरबूज उलटं करून डोक्याच्या वर धरलं. फाडी पडली नाही.

झिबल म्हणाला, "पक्की हाये साहेब."

साहेब तसाच धरून उभा. हात दुखायला लागले असतील. आम्ही भाकर खाऊन राहिलो होतो. आणि मग कोणी हात न लावता ती फाडी सरकली आणि साहेबाच्या कपाळावर पडली. रस नाकावरून खाली. आम्ही लोळून लोळून हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "एक भेग असू द्या, मी घाबरत नाही. दोन असू द्या. तिसरी त्यांना भेटायला आली की तो दगड सुटा. मग तो किती वेळ थांबेल ते त्याच्या मनावर."

असा सुटा दगड दिसला की तो त्याच्याभोवती लाल तेलरंगाने मोठा गोल काढायचा. गोल दिसला की समजायचं, हा दगड पाडून घ्यायचा आहे किंवा त्याला लाकडाचा टेका द्यायचा आहे. तोवर त्याच्याखाली कोणी थांबायचं नाही. नियम सरळ होता. पण हरबाजीला आधी खालचा मलबा बाहेर काढायची घाई असायची. "पाडू ना साहेब, संध्याकाळी पाडू." त्यात गोल तसाच राहायचा.

आता आमचं काय झालं ते सांगतो. अंधारात, दिव्याच्या उजेडात, दगडावर ओला लाल रंग चमकते. आम्ही खेड्यातली माणसं. दगडाला लाल लावलेलं दिसलं की हात आपोआप जुळतात, विचार करून नाही जुळत. पहिल्या दिवशी एकाने चप्पल काढून हात जोडले. दुसऱ्या दिवशी चौघांनी. मग कोणीतरी फूल ठेवलं. ज्या जागेवरून पळायचं, त्याच जागेवर माणूस थांबायला लागला.

साहेबाने ते पाहिलं आणि केवढ्याने ओरडला. "अरे, देव नाही तो! पळायची खूण आहे ती! पळा तिथून!"

माणसं पळायची. पण पळता पळता हात जोडायची. साहेबालाही एकदा हसू आलेलं मी पाहिलं. डोक्याला हात लावून हसला. पुढे रोजचंच झालं, त्याने ओरडायचं आणि आम्ही हो जी म्हणायचं.

झिबलची सोयरीक मोहाडीकडे पक्की झाली. मोठा खुश होता. त्या दिवशी घरून पिशवीत नारळ घेऊन आला. मला म्हणाला, "भाऊजी, तुमी व्हा पुढं, मी आलोच." मी पुढे गेलो. मला वाटलं लघवीला थांबला असेल. मागे आवाज झाला. फार मोठा नव्हता, पोतं टाकल्यासारखा. वळलो तर धूळ.

गोलाखाली तो नारळ फोडायला उकिडवा बसला होता. गोलातला दगड आला. आम्ही सब्बल लावून दगड उचलला. नारळ बाजूला तसाच पडला होता, फुटला नव्हता.

हरबाजी म्हणाला, त्याची चूक. वरच्यांनी तेच लिहून घेतलं. काही जण म्हणाले, देव कोपला. नारळ फोडणाऱ्यावर कोपणारा देव कसा असतो ते मला समजत नाही. दगड पडणारच होता. तिथे कोणी नसतं तर रिकाम्या जागेवर पडला असता, एवढंच.

राख सावडून आलो त्या दिवशी साहेब आमच्या घरी आला. पायी आला, जीप नाही आणली. भागरथा अंगणात बसली होती, डोक्यावरून पदर. मी खाट टाकली. तो बसला नाही. मग भागरथाच बोलली.

"तुमी त्या दगडाले लाल काहून लावलं?"

"लाल म्हणजे धोका," साहेब म्हणाला. "सगळीकडे तेच असते."

"कुठं सगळीकडं? आमच्या शिवारात लाल म्हंजे देव. मारोती लाल, म्हसोबा लाल, वाघोबा लाल. पोरं हात जोडून राह्यले ते तुमाले दिसत नोहोतं?"

"दिसत होतं."

"मंग?"

"मी ओरडत होतो."

"ओरडून काय होते? रंग बदलवाचा होता ना."

साहेब खाली पाहत उभा होता. म्हणाला, "हो. बदलायचा होता."

माफी मागितली नाही त्याने. मागितली असती तर भागरथेने चुलीतलं लाकूड उचललं असतं, असं मला वाटते. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. "भाऊ गेला. आता हे जातीन आत. घरी धानाच्या दोन बांद्या हायेत, त्यात पोट भरत नाई, गेल्याबिगर जमत नाई. हे मले बाहेर पाहिजेत. रोज."

"मी दगडाचा शब्द कोणाला देत नाही, बाई."

"मले दगडाचा नको. तुमचा पाहिजे."

त्याने शब्द दिला नाही. हात जोडले आणि निघून गेला.

पण त्यानंतर तो माणूस बदलला. लाल रंगाचा डबा पुन्हा दिसला नाही. दुसरा रंगही आणला नाही. सुटा दगड सापडला की तो स्वतः त्याच्या अलीकडे उभा राहायचा, दोन्ही हात आडवे करून, गाय अडवल्यासारखा. दगड पाडून होईपर्यंत हलायचा नाही. हरबाजी म्हणायचा, "साहेब, मलबा अडून हाये." साहेब म्हणायचा, "मीही अडून आहे." आणि सुटी झाली की सगळ्यात शेवटी निघायचा. माझ्या मागे एक माणूस चालायचा, तो साहेब. बाहेर मलब्याच्या ढिगावर बाया असत. भागरथा हातातली हातोडी थांबवून मला पाहायची, मग पुन्हा ठोकायला लागायची. साहेबाशी बोलायची नाही.

बोगदा अर्धा गेला आणि दगड बिघडला. चमकीचा, पापुद्र्यापापुद्र्याचा दगड लागला. भेगाच भेगा, आणि प्रत्येक भेगेत तीच चिकणमाती. साहेब सारखा दातात माती धरून फिरायचा. त्याला हे पाहायचं होतं की भेगा आहेत तशा आहेत की रुंद होऊन राहिल्या. त्याने भेगांवर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या. भेग हलली की काच तडकणार. पण पुढे बार उडाला की हादऱ्यानेच सगळ्या काचा तडकायच्या. खरं काय, खोटं काय, कळायचं नाही. त्याने इथे लोखंडी कमानी लावा म्हणून वर सांगितलं. वरून विचारलं, दगड हलतो याला पुरावा काय?

दिवाळी जवळ आली होती. झिबलचं वर्ष सरलं नव्हतं, आमच्या घरी सण नव्हता, पण पावसाने भिंती खराब झाल्या म्हणून भागरथेने पोतारा केला होता. चुना कालवून फडक्याने भिंतीवर हात फिरवायचा, तो पोतारा. साहेब मला कामाचं सांगायला आला आणि बोलता बोलता थांबला. दाराच्या चौकटीजवळ भिंतीवर केसाएवढी रेघ होती.

"ही केव्हाची?"

मी भागरथेला विचारलं. ती आतून म्हणाली, "काल पोतारलं तवा नोहोती. आज दिसून राह्यली. मातीची भिंत हाये, हलते."

साहेब त्या रेघेसमोर इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं याला काही होऊन राहिलं. मग काही न सांगता वळला आणि भराभर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आत चुन्याचे डबे आले. आम्ही गड्यांनी वाईट पट्ट्याचं छत पांढरं केलं. गड्यांचं काम ते, थापलं जाडजूड. वाळलं तसं सगळीकडून तडकलं, उन्हाळ्यातल्या तलावाच्या तळासारखं. साहेब आत आला, वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. "हे कोणी केलं? या चुन्याच्याच भेगा. दगडाची कशी ओळखू मी?"

कोणीतरी म्हणालं, "हे बायाचं काम होय साहेब. आमचा हात नाई बसत."

हरबाजी तडकला. "बाई आत नाई येनार. सांगून ठेवतो. एक गेला तेवढा पुरे."

साहेब बाहेर ढिगाकडे गेला. सगळ्या बायांसमोर भागरथेला म्हणाला, "बाई, आत चुना लावायचा आहे. पातळ लावायचा आहे, नवी भेग पडली तर दिसली पाहिजे. मला दुसरं कोणी माहीत नाही." त्याला तिच्याकडे पाहता येत नव्हतं. "तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

हरबाजी मागून आलाच होता. "पहाड कोपन, भागरथा. तुले सांगतो. तुह्याच नवऱ्यावर येईन."

ती उठली. पदर कमरेला खोचला. "माहा भाऊ मेला तवा आत कोन बाई होती, हरबाजी? सांग. कोन होती? मंग कायचा कोप झाला?"

हरबाजी वाटेतून बाजूला झाला.

तिने चुना रात्रभर भिजवायला लावला, दोनदा गाळून घेतला, धावड्याचा डिंक कालवला. सकाळी माझ्याबरोबर बोगद्यात आली. पुढे साहेब. झिबलच्या जागेवर आता कोणीतरी शेंदूर लावला होता, खरा शेंदूर. वाती होत्या. मला वाटलं ती तिथे बसेल, रडेल. ती थांबली नाही. वर छताकडे पाहत, पाय न थांबवता तिथून गेली. साहेबाने ते पाहिलं. त्याने दिवा उंच केला आणि पुढे चालायला लागला.

आम्ही मचाण बांधून दिलं. जुना चुना खरवडून काढला. ती वर चढली. साहेब खाली, हातात दिवा वर धरून. बरोबर त्याच छताखाली.

ती म्हणाली, "तुमी बाजूले व्हा. दिवा यांच्यापाशी द्या."

"तुम्ही वर आहात तोवर मी खाली."

"दगड आला तं दोघंबी जाऊ."

"हो," साहेब म्हणाला.

ती कामाला लागली. फडकं बुडवायची, पिळायची, हात फिरवायची. एक हात, तो वाळला की दुसरा. आत नुसता फडक्याचा आवाज. साहेबाच्या तोंडावर चुन्याचे थेंब पडत होते, तो पुसत नव्हता. एकदा तिने वरून विचारलं, "मागच्या कोपऱ्याले लावू काय?" तो म्हणाला, "लावा." अख्ख्या दिवसात एवढंच बोलणं.

छत असं झालं, बापा, की दिवा लावला तर आत चांदणं पडावं.

मग साहेबाचा नेम सुरू झाला. सुरुंगाच्या आधी एकदा आणि सुरुंगाच्या नंतर एकदा त्या पांढऱ्याखाली उभा राहायचा, मान वर. कितीतरी दिवस काही नाही. हरबाजी टोमणे मारायचा, "काय साहेब, लगन कोनाचं हाये? मांडव तं झ्याक सजवला."

एक दिवस साहेबाने मला हाक मारली. "नथ्थू, इकडे ये. काल ही होती?"

पांढऱ्यावर एक काळी रेघ. केसाएवढी.

"नोहोती जी."

त्याने पेन्सिलीने रेघेच्या टोकाला खूण केली. दुसऱ्या दिवशी रेघ खुणेच्या पुढे गेली होती. तिच्या आडवी दुसरी दिसली. तिसरी कोपऱ्यातून निघाली होती आणि त्या दोघींकडे चालली होती. साहेब ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "सगळे बाहेर. सामान राहू द्या."

मोठे इंजिनिअर आले. "चुन्याला तडे गेले म्हणून काम बंद?" साहेब त्यांना घेऊन बोगद्याच्या तोंडाशी गेला आणि म्हणाला, "चला आत. मी दाखवतो, तुम्ही खाली उभे राहून पाहा." इंजिनिअरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हते तेही. म्हणाले, "कमानी मागवतो."

कमानी येईपर्यंत साहेब बोगद्याच्या तोंडाशी डांबराच्या रिकाम्या पिंपावर बसून होता. कोणालाच आत जाऊ दिलं नाही. काम बंद, माणसं त्याच्यावर चिडलेली. त्याच्यासमोर थुंकायची. तो बसून.

कमानी आल्या, पण लावायला माणूस आतच जायला पाहिजे. साहेबाने सांगितलं तसं केलं. चांगल्या दगडाकडून सुरुवात, पहिली कमान चांगल्याखाली, तिच्या आडोशाने दुसरी, तिच्या आडोशाने तिसरी. लावलेल्या कमानीच्या पुढे कोणी डोकं काढायचं नाही. साहेब आमच्यात उभा, वर पाहत. तिसरीला पाचरी ठोकून झाल्या होत्या, चौथी उचलत होतो. पांढऱ्यातून पीठ गळायला लागलं. चुन्याचं बारीक पीठ.

साहेब म्हणाला, "मागे."

आम्ही मागे झालो. छताचा एक तुकडा, बैलगाडीएवढा, मोठ्या आवाजाने खाली सरकला आणि तिसऱ्या कमानीवर बसला. लोखंड वाकलं, कुरकुरलं, आणि त्याने धरलं. चौथी उचलत होतो तिथे मात्र दगडाचा ढीग.

धुळीत काही दिसत नव्हतं. साहेब एकेकाच्या खांद्याला हात लावून नाव घेत होता. कोणी कमी नव्हता. आम्ही निघालो.

बाहेर आवाज गेला होता. बाया ढिगावरून उतरून आल्या होत्या, रडून राहिल्या होत्या. गडी एकेक निघत होते, सगळे चुन्याने पांढरे, कोण कोणाचा कळत नव्हतं. भागरथा रडत नव्हती. हातात हातोडी तशीच घेऊन प्रत्येकाचं तोंड पाहत होती. मी निघालो. माझ्या मागे साहेब. मग कोणी नाही. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग साहेबाला पाहिलं. तेवढाच वेळ. आणि मग ती ढिगावर चढली, आपल्या जागेवर बसली, आणि दगड फोडायला लागली. पण हातोडी दगडावर पडत नव्हती, बाजूलाच पडत होती.

त्या पट्ट्यात मग कमानीला कमान लागली. बोगदा पार गेला. पलीकडचा उजेड दिसला त्या दिवशी गुलाल उधळला, हरबाजीने पेढे वाटले, दगड कसा आला ते मोठ्या माणसांना स्वतःच सांगत होता. साहेब त्या गर्दीत नव्हता. पुढे आतून सगळं सिमेंटचं अस्तर झालं. भागरथेचा चुना, झिबलची जागा, सगळं त्याच्यामागे गेलं.

साहेबाची बदली झाली. सांगायला आला तेव्हा भागरथा उखळात धान कांडत होती. तिने मुसळ थांबवलं नाही. तो अंगणाच्या कडेला पिशवी घेऊन उभा. मी बसा म्हटलं, तो बसला नाही. मुसळ चाललं होतं. बऱ्याच वेळाने ती वर न पाहता मला म्हणाली, "बसा म्हना त्याइले. जेवूनच जातीन."

भात होता, वालाची भाजी होती. तिने वाढलं. तो खाली मान घालून जेवला. तिने पुन्हा वाढलं, त्याने नाही म्हटलं नाही.

हात धुताना तिने विचारलं, "आता कुठं?"

"सातपुड्याकडे. तिकडेही बोगदाच आहे."

"तिथं बाया हायेत?"

"असतील."

"मंग त्याइले पह्यलेच नेजा आत. पह्यलेच इचारजा, लाल म्हंजे काय, पिवळं म्हंजे काय. कोनी मेल्यावर नको."

साहेबाने मान हलवली. पिशवी उचलली, मला हात जोडले, तिला जोडले, आणि बांदीच्या धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, निघाला. धान निसवलं होतं. ती दारात येऊन उभी राहिली.

मी विचारलं, "माफ केलं काय त्याले?"

"नाई," ती म्हणाली. "पोटभर जेवला, तेवढं बरं झालं."

तोवर साहेब धुऱ्याच्या टोकाला लागला होता. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि पळसाच्या झाडामागे गेला.